‘सॉरी’ : दुःख आणि दोष यांच्या मधला शब्द

इंग्रजी भाषेतील ‘सॉरी’ या शब्दाला दिवसभरात जितकी आणि जितक्या निरनिराळ्या प्रकारची कामे करावी लागतात, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाला करावी लागत असतील. समोरच्याचे बोलणे नीट ऐकू आले नाही, की तो प्रश्नाच्या सुरात उच्चारला जातो. गर्दीत तो वाट मागतो. तिकिटाच्या खिडकीवर जागा शिल्लक नसल्याचे सांगताना तो नकाराची धार बोथट करतो. मृत्यू झालेल्या घरी तो सांत्वन करतो आणि विश्वासघात केलेल्या माणसासमोर तोच कबुली देतो. नामाच्या आधी विशेषण म्हणून बसला, तर त्याचा अर्थ केविलवाणा किंवा दयनीय असा होतो. केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ लेखिकेने इंग्रज माणसाच्या वर्तनाविषयी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आपला एक प्रयोग नोंदविला आहे. रस्त्यावरील अनोळखी लोकांना त्या मुद्दाम धक्का देत, आणि ज्यांना धक्का लागला तेच बहुतेक वेळा ‘सॉरी’ म्हणत. आगळीक एकाची आणि दिलगिरी दुसऱ्याची, हा तेथे सौजन्याचा भाग ठरतो.

या साऱ्या उपयोगांत गमतीचा अंश पुष्कळ आहे; परंतु त्यांतील दोन उपयोग शेजारी ठेवले की गंमत संपते आणि एक गंभीर नैतिक प्रश्न उभा राहतो. ‘तुमच्यावर जे कोसळले त्याचे मला दुःख आहे’ हा एक अर्थ. ‘तुमच्यावर जे कोसळले ते माझ्यामुळे’ हा दुसरा. पहिल्यात बोलणारा साक्षीदार असतो, दुसऱ्यात कर्ता. एकच शब्द दोन्ही अर्थ वाहत असेल, तर पहिल्याच्या मोलात दुसऱ्याचे श्रेय मिळविण्याची सोय बोलणाऱ्याला आपोआप होते. ऐकणाऱ्याला कबुली मिळाल्यासारखे वाटते, आणि बोलणाऱ्याने वस्तुतः काहीच कबूल केलेले नसते. हे त्या शब्दाचे वैगुण्य मानायचे, की माणसाच्या नैतिक जीवनातच असा एखादा प्रदेश आहे, जेथे दुःख आणि दोष यांच्यामध्ये स्वच्छ रेघ ओढता येत नाही?

शब्दाचा इतिहास पाहिला तर ‘सॉरी’चा जन्म दुःखाच्या घरातला आहे. प्राचीन इंग्रजीतील ‘सारिग’ या विशेषणापासून तो आला, आणि त्या विशेषणाच्या मुळाशी जखम, वेदना या अर्थाचा ‘सार’ हा शब्द आहे. आजच्या इंग्रजीतील ‘सोअर’ तो हाच. ‘सॉरो’ म्हणजे शोक या शब्दाशी त्याचे रक्ताचे नाते नाही. उच्चार जवळ आले तसे अर्थही जवळ आले. दोषाची कबुली हा अर्थ त्याला नंतर चिकटला. याच्या नेमका उलट प्रवास ‘अपॉलजी’ या शब्दाचा झाला. ग्रीक भाषेतील ‘अपोलोगिया’ म्हणजे आरोपाला दिलेले उत्तर, स्वतःचा बचाव. प्लेटोने लिहिलेल्या ज्या संवादाला हे नाव आहे, त्यात इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेपुढे उभा असलेला सॉक्रेटिस कोणाचीही क्षमा मागत नाही. उलट आपण योग्य तेच केले असे तो ठामपणे सांगतो. म्हणजे इंग्रजीत क्षमायाचनेचे जे दोन प्रमुख शब्द आहेत, त्यांपैकी एक मुळात विव्हळणे होते आणि दुसरा मुळात प्रतिवाद. आज दोन्ही शब्द कबुलीसाठी वापरले जात असले, तरी त्यांच्या जुन्या सवयी पूर्णपणे सुटलेल्या नाहीत. अडचणीत सापडलेला माणूस अजूनही ‘सॉरी’ म्हणताना नुसता विव्हळू शकतो आणि ‘अपॉलजी’ देताना स्वतःचा बचाव करू शकतो.

इंग्रजीने जे एका शब्दात भरले ते मराठीने वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले आहे. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल ‘ऐकून फार वाईट वाटले’ असे मराठी माणूस म्हणतो. तेथे ‘क्षमा’ हा शब्द कोणाच्या मनातही येत नाही. ‘माफ’ हा अरबीतून आलेला शब्द सुटकेचा आणि सवलतीचा आहे; शेतसारा माफ होतो, कर्ज माफ होते, तसाच अपराधही माफ होतो. त्याच्यामागे देणेकऱ्याची आणि सावकाराची प्रतिमा आहे. संस्कृत ‘क्षमा’ सहन करण्याच्या धातूपासून आली आणि त्याच शब्दाचा एक अर्थ पृथ्वी असा आहे. तेथे भर आहे तो क्षमा करणाऱ्याच्या सोशिकतेवर. ‘पश्चात्ताप’ म्हणजे मागाहून होणारी आतली भाजणी. ती करणाऱ्याची एकट्याची असते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापमुक्तीची साधने सांगताना ख्यापन, म्हणजे पाप उघड सांगणे, आणि अनुताप, म्हणजे त्याची आंतरिक जळजळ, ही दोन स्वतंत्रपणे मोजली आहेत, आणि तप त्यांहून निराळे ठेवले आहे. बोलणे, वाटणे आणि भोगणे यांची गल्लत होऊ नये, एवढी दक्षता त्या वर्गीकरणात निश्चित दिसते.

याहूनही सूक्ष्म भेद मराठीच्या व्याकरणात दडलेला आहे. ‘मी चुकलो’, ‘माझे चुकले’ आणि ‘चूक झाली’ ही तीन वाक्ये एकाच प्रसंगी बोलता येतात. पण त्यांतून कर्ता पायरीपायरीने मागे सरकत जातो. पहिल्यात संपूर्ण माणूस चुकीच्या शेजारी उभा आहे. दुसऱ्यात चुकलेली गोष्ट त्याच्या मालकीची असली, तरी तो स्वतः थोडा बाजूला आहे. तिसऱ्यात चूक पावसासारखी आपोआप घडते. कार्यालयीन मराठीतील ‘दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे’ हे वाक्य तर आणखी पुढची पायरी गाठते. तेथे चूक करणाराही नाही आणि दिलगीर होणाराही नाही. दूरदर्शनच्या पडद्यावर ज्यांनी ‘रुकावट के लिए खेद है’ ही हिंदी पाटी वर्षानुवर्षे पाहिली, त्या भारतीय प्रेक्षकांना हा कर्तृहीन खेद चांगलाच परिचित आहे. खेद असतो, पण तो कोणाला आहे, हे पाटीवर नसते.

असे असताना ‘सॉरी’ मराठी घरांत एवढा सहज का रुळला? केवळ इंग्रजीचा दिमाख हे उत्तर अपुरे आहे. ‘मी चुकलो’ या वाक्याला जुन्या कुटुंबव्यवस्थेत एक ठरलेली दिशा होती. ते धाकट्याने थोरल्यापुढे, सुनेने सासूपुढे, नोकराने धन्यापुढे म्हणावयाचे असे. बापाने मुलाला, नवऱ्याने बायकोला ते म्हणणे म्हणजे पायरी सोडणे. ‘सॉरी’ला ही दिशा चिकटलेली नव्हती. परक्या भाषेतला असल्यामुळेच तो मानापमानाच्या हिशेबातून सुटला, आणि ज्या वडिलांच्या तोंडून ‘माझे चुकले’ कधी निघाले नसते, त्यांनाही लेकीला ‘सॉरी हं’ म्हणता येऊ लागले. हा लाभ लहान नव्हे. मात्र जो शब्द उच्चारायला सोपा, तो विसरायलाही सोपा असतो. मुलाने भावंडाला चिमटा काढला, की ‘सॉरी म्हण पाहू’ असा हुकूम होतो. मूल तो शब्द उच्चारते आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा चिमटा काढायला मोकळे होते. शब्द हा जकात भरल्याच्या पावतीसारखा वापरता येतो, हे ते फार लवकर शिकते.

शब्दांनी आपण कृती कशा करतो याचे विवेचन करणाऱ्या जे. एल. ऑस्टिन या ऑक्सफर्डच्या तत्त्वचिंतकाने या अडचणीवर बोट ठेवले होते. १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेल्या आणि त्याच्या मृत्यूनंतर १९६२ साली ग्रंथरूप झालेल्या व्याख्यानांत तो काही उच्चारांना वर्णन न मानता कृती मानतो. ‘मी वचन देतो’ असे म्हणणे हेच वचन देणे असते. ‘आय अपॉलजाइझ’ हे त्याच जातीचे वाक्य; ते उच्चारताच क्षमायाचनेची कृती घडते. ‘आय अ‍ॅम सॉरी’ मात्र अर्धे वर्णन आणि अर्धी कृती आहे. ते मनाच्या अवस्थेचे निवेदन म्हणून ऐकता येते आणि क्षमायाचना म्हणूनही. ऑस्टिनला हे वर्गीकरणाच्या दृष्टीने अडचणीचे वाटले. पण ज्यांना बोलूनही न बोलल्यासारखे करावयाचे असते, त्यांच्या दृष्टीने हाच त्या वाक्याचा मोठा गुण आहे.

तरीही या संदिग्धतेला सरसकट लबाडी ठरविणे अन्यायाचे होईल. बर्नार्ड विल्यम्स या इंग्लिश तत्त्वचिंतकाने १९७६ साली नैतिक दैवाविषयी लिहिलेल्या निबंधात एका ट्रकचालकाचे उदाहरण घेतले आहे. चालकाचा कोणताही हलगर्जीपणा नसताना एक मूल त्याच्या गाडीखाली येते. जवळ उभ्या असलेल्या माणसालाही दुःख होईल. पण चालकाचे दुःख त्या दुःखाहून वेगळ्या जातीचे असेल, आणि ते तसे असावे अशीच आपली अपेक्षा असते. ‘माझा दोष नव्हता’ हे सत्य सांगून तो त्याच संध्याकाळी निर्धास्तपणे जेवायला बसला, तर त्याच्यात काही कमी आहे असे वाटते. दोष नसूनही ‘हे माझ्या हातून घडले’ अशी जी टोचणी उरते, तिला विल्यम्सने कर्त्याची खंत म्हटले. ही खंत शोकापेक्षा अधिक आणि अपराधापेक्षा उणी आहे. अशा माणसाला ‘मी अपराधी आहे’ म्हणायला लावणे असत्य ठरेल, आणि ‘मला वाईट वाटते’ एवढेच पुरे मानणे अपुरे. दुःख आणि दोष यांच्या मधली ही जागा दाखविणारा शब्द हवा असेल, तर ‘सॉरी’ची संदिग्धता तेथे प्रामाणिक आहे. कारण प्रसंगच संदिग्ध आहे.

या जागेची ओळख भारतीय माणसाला शब्दांतून नसली तरी हातवाऱ्यातून फार पूर्वीपासून आहे. चुकून कोणाला पाय लागला, तर तो लागलेल्या अंगाला हाताने स्पर्श करून तो हात स्वतःच्या छातीला किंवा कपाळाला लावतो. पुस्तकाला पाय लागला तरी तेच. येथे हेतू नसतो, म्हणून अपराध नसतो. तरीही पाय कोणाचा होता, हे विसरायचे नसते. ही कृती स्पष्टीकरण देत नाही आणि क्षमा मागून उत्तराची वाटही पाहत नाही. तिच्यातून उमटणारा अर्थ एवढाच, की जे घडले ते माझ्याकडून घडले, आणि तुझा मान मी ओळखतो.

आधुनिक समाजात मात्र या मधल्या जागेवर कायद्याची सावली पडली. अमेरिकेत अपघातानंतर ‘सॉरी’ म्हणणे हे न्यायालयात दोषाची कबुली म्हणून वापरले जाईल, या भीतीने वकील आणि विमा कंपन्या माणसांना गप्प राहण्याचा सल्ला देऊ लागल्या. मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका सिनेटरची मुलगी सायकलवरून जात असता मोटारीच्या धडकेने मृत्युमुखी पडली, आणि चालकाने कधीही खेदाचा शब्द काढला नाही. कारण शब्द काढणे कायद्याने धोक्याचे होते. या अनुभवातून १९८६ साली त्या राज्याने असा कायदा केला, की अपघातानंतर व्यक्त केलेली सहानुभूती दोषाचा पुरावा मानली जाणार नाही. पुढे अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. कॅलिफोर्नियाने २००० साली संमत केलेल्या तरतुदीत ‘सॉरी’चे जणू शस्त्रक्रियेने दोन तुकडे केले : त्यातील सहानुभूतीला संरक्षण, दोषाच्या कबुलीला नाही. इंग्लंड आणि वेल्सला लागू असलेल्या २००६ च्या कायद्याने क्षमायाचना ही केवळ तेवढ्यावरून निष्काळजीपणाची कबुली ठरत नाही असे म्हटले, आणि कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने २००९ साली दोष मान्य करणाऱ्या क्षमायाचनेलाही दिवाणी दाव्यांत संरक्षण दिले.

या कायद्यांनी भले झाले की बुरे, याचा निवाडा सोपा नाही. ज्या आईबापांना शस्त्रक्रियेनंतर मूल गमवावे लागले, त्यांना डॉक्टरच्या तोंडून एक माणुसकीचा शब्द ऐकता यावा, ही गरज खरी आहे. पैशाची भरपाई त्या शब्दाची जागा घेऊ शकत नाही. पण दुसऱ्या बाजूचा आक्षेपही तितकाच खरा आहे. कबुलीचे नैतिक मोल तिच्यातल्या जोखमीत असते. मी चुकलो असे म्हणणारा माणूस स्वतःला दुसऱ्याच्या हाती सोपवितो. त्याला शिक्षा होऊ शकते, त्याची क्षमा नाकारली जाऊ शकते. ही जोखीम आधीच काढून घेतली, तर शब्द तोच राहतो आणि त्यातील समर्पण नाहीसे होते.

व्यक्तींच्या व्यवहारातील हा पेच राज्यकर्त्यांच्या तोंडी गेला की उघडा पडतो. १ एप्रिल २००१ रोजी चीनच्या हाइनान बेटाजवळ अमेरिकेच्या एका टेहळणी विमानाची चिनी लढाऊ विमानाशी टक्कर झाली. चिनी वैमानिक प्राणास मुकला आणि अमेरिकेचे २४ जण चीनच्या ताब्यात राहिले. ११ एप्रिलला अमेरिकेच्या राजदूताच्या पत्रात ‘व्हेरी सॉरी’ हे शब्द दोनदा आले, आणि त्यांची सुटका झाली. चीनने आपल्या जनतेला ही क्षमायाचना म्हणून सांगितली. अमेरिकेने आपल्या जनतेला ही क्षमायाचना नव्हे असे सांगितले. एका शब्दाच्या दोन अर्थांनी त्या दिवशी युद्धाचा धोका टाळला असे म्हणता येईल. पण त्यात सत्य मात्र कोणालाच सापडले नाही.

ऑस्ट्रेलियात हाच शब्द दहा वर्षे राष्ट्रीय वादाचा विषय होता. साधारण १९१० ते १९७० या काळात तेथील आदिवासींची मुले शासन आणि मिशन यांनी आईबापांपासून हिरावून नेली होती. १९९७ साली त्याविषयीचा चौकशी अहवाल आला आणि २६ मे १९९८ पासून दरवर्षी ‘सॉरी डे’ पाळला जाऊ लागला. २८ मे २००० रोजी सिडनीच्या पुलावरून लाखो लोक आदिवासींशी सलोख्यासाठी चालत असताना आकाशात एका विमानाने धुराने ‘सॉरी’ हा शब्द लिहिला. तो शब्द पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी मात्र उच्चारला नाही. १९९९ साली त्यांनी संसदेत मांडलेल्या ठरावात मनःपूर्वक खेद होता. आजच्या पिढीने मागच्या पिढीचा दोष का घ्यावा, हा त्यांचा युक्तिवाद होता. पुढे १३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत ‘सॉरी’ म्हटले, तेव्हा अनेक वृद्ध आदिवासी स्त्रीपुरुष रडले. त्यांच्या बोलीतील इंग्रजीत ‘सॉरी बिझनेस’ म्हणजे मृत्यूनंतरचे सुतक, शोकविधी. त्या कानांना ‘सॉरी’ म्हणणे म्हणजे कायदेशीर कबुलीच्या आधी शोकात येऊन बसणे होते. हॉवर्ड यांनी शब्दाचा दोषाचा अर्थ धरून तो नाकारला. मागणाऱ्यांच्या भाषेत त्याचा जुना, जखमेचा अर्थ अजून जिवंत होता. शोकात सामील न होता खेद व्यक्त करणे, हे त्यांना परकेपणाचे वाटले असल्यास नवल नाही. तथापि नुसता शोकही पुरा पडत नाही. हिरावलेल्या बालपणाच्या भरपाईची केंद्र शासनाची योजना, तीही केवळ त्याच्या अखत्यारीतील प्रदेशांपुरती, २०२१ साली जाहीर व्हावी लागली.

भारताशी ब्रिटनचे असलेले देणे याच शब्दाभोवती घुटमळत आले आहे. १३ एप्रिल १९१९ च्या जालियनवाला बागेतील हत्याकांडाच्या स्मारकाला १९९७ साली राणी एलिझाबेथ यांनी पुष्पचक्र वाहिले. २०१३ साली पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी तेथील अभिप्रायवहीत ही घटना अत्यंत लाजिरवाणी असल्याचे लिहिले. शताब्दीच्या वर्षी, २०१९ मध्ये, थेरेसा मे यांनी संसदेत तीव्र खेद व्यक्त केला. खेद, लाज, दुःख हे सारे आले. शासनाच्या वतीने क्षमायाचना आली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी बागेत आले. आपण ब्रिटिश शासनाच्या वतीने बोलू शकत नाही हे स्पष्ट करून त्यांनी वैयक्तिक लाज आणि दुःख व्यक्त केले, आणि स्मारकापुढे जमिनीवर पालथे पडून लोटांगण घातले. ज्याला अधिकार होता त्याने शब्द टाळला आणि ज्याला अधिकार नव्हता त्याने देह टाकला. याउलट कॅनडाने १९१४ साली ३७६ प्रवाशांचे ‘कोमागाटा मारू’ हे जहाज किनाऱ्यावरून परत लावल्याबद्दल दोनदा क्षमा मागितली. २००८ साली पंतप्रधान हार्पर यांनी ती एका मेळाव्यात मागितली, तेव्हा शीख संघटनांनी ती मानली नाही. ज्या सभागृहाच्या नावाने अन्याय झाला तेथेच ती हवी, असा त्यांचा आग्रह होता. आणि १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान ट्रूडो यांनी ती तेथे मागितली. शब्दाचे वजन तो कोणी, कोठे उभे राहून उच्चारला यावर ठरते, हे त्या आग्रहाचे सार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. दुःख आणि दोष यांच्या मधली जागा खरी आहे. पण ती अपघाताची जागा आहे. ट्रकचालक तेथे प्रामाणिकपणे उभा राहू शकतो. गोळीबाराचा हुकूम देणारे शासन, मुले हिरावणारे शासन तेथे उभे राहू पाहते, तेव्हा ते दुसऱ्याच्या जागेवर अतिक्रमण करते. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत’ हे सार्वजनिक जीवनातले सुपरिचित वाक्य याच अतिक्रमणाचा नमुना आहे. त्यातील ‘असल्यास’ घडलेली गोष्ट संशयास्पद करते, आणि ‘दुखावल्या’ हे क्रियापद दोष ऐकणाऱ्याच्या हळवेपणाकडे ढकलते. संदिग्ध शब्द संदिग्ध प्रसंगी न्याय्य असतो. स्पष्ट प्रसंगी तो पळवाट होतो.

स्पष्ट प्रसंगी काय करावे याचे उदाहरण गांधींच्या आत्मकथेत आहे. पंधरा वर्षांचे असताना त्यांनी भावाच्या कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला आणि नंतर वडिलांना चिठ्ठी लिहून दिली. तीत चोरीची कबुली होती, शिक्षेची मागणी होती, वडिलांनी स्वतःला क्लेश करून घेऊ नयेत अशी विनंती होती, आणि पुन्हा चोरी न करण्याची प्रतिज्ञा होती. आजारी वडिलांनी ती वाचली, त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, आणि त्यांनी ती फाडून टाकली. क्षमेचा शब्द कोणीच उच्चारला नाही. चिठ्ठीत स्वतःच्या दुःखाची वाच्यता करण्यापेक्षा केलेल्या कृत्याचे नाव घेणे अधिक महत्त्वाचे होते. आणि उत्तर काय यावे, हे मुलाने वडिलांच्या हाती सोडले होते. ‘सॉरी’ म्हणून लगेच ‘इट्स ओके’ची वाट पाहणाऱ्या माणसाला नेमके हेच अवघड जाते. क्षमा मागण्याचा हक्क त्याला आहे. ती मिळण्याचा नाही.

मराठी व्यापारी हिशेबाच्या आणि पत्रांच्या शेवटी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ असे लिहिण्याचा प्रघात जुना आहे. चूक ही दोन्ही बाजूंनी होणार, आणि ती दोन्ही बाजूंनी सांभाळून घ्यायची, असा समजूतदार करार त्यात आहे. रोजच्या जगण्यातली बहुतेक ‘सॉरी’ याच करारातली असतात, आणि तेथे त्यांच्याकडून अधिक गांभीर्याची अपेक्षा करणे कोतेपणाचे ठरेल. पण तो करार जवळपास बरोबरीची खाती असलेल्या माणसांमधला आहे. जेथे एकाच्या वहीत फक्त घेणे आहे आणि दुसऱ्याच्या वहीत फक्त देणे, तेथे चूकभूल द्यायची-घ्यायची नसते. ती आधी नावानिशी मांडावी लागते, आणि मग वही दुसऱ्याच्या पुढे सरकवून थांबावे लागते.